वाचकाचं सुतक

शेंडे सर गेल्याचं अमृत सरगरला कळलं तेव्हा तो मशीनवर उभा होता. कुपवाडच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक लहानसा कारखाना होता आणि अमृत तिथं सीएनसी लेथ चालवायचा. खिशात फोन थरथरला. क्षमाताईंचा मेसेज होता. "सर गेले." खाली पेपरमधल्या बातमीचा फोटो. वाईचे निवृत्त विज्ञान शिक्षक व विज्ञानकथा लेखक गंगाधर शेंडे यांचे पुणे येथे वृद्धापकाळाने निधन. दशक्रिया विधी गुरुवारी वाई येथे, कृष्णा घाटावर.

बातमी आतल्या पानावर, रक्तदान शिबिराच्या फोटोखाली चिकटवल्यासारखी होती. सर जाऊन आठवडा होत आला होता. म्हणजे मधल्या दिवसांत आपण जेवलो, कामावर आलो, बायको सोनियाबरोबर बाजारात जाऊन कलिंगड टकटक करून निवडलं, आणि सर नव्हतेच. अमृतला तेच कलिंगड सारखं आठवायला लागलं.

'निळी धूळ' नावाचा त्यांचा एक ग्रुप होता. सांगली-साताऱ्याकडची, सरांची पुस्तकं वाचणारी माणसं. क्षमाताईंनी तिथंही बातमी टाकली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली. मग कुणीतरी सोलर पंपाच्या अनुदानाची माहिती पाठवली, आणि हात वर सरकत दिसेनासे झाले.

अमृत जत तालुक्यातला. घर मेंढपाळांचं. वर्षातले सात-आठ महिने आई-बाप मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानांतून फिरायचे, आणि अमृत आश्रमशाळेत असायचा. शाळेत, पुढं आयटीआयत, वडील काय करतात विचारलं की तो "शेती" म्हणायचा. आयटीआयच्या वसतिगृहात खोली बदलून गेलेल्या कुणीतरी एक पुस्तक मागं टाकलं होतं. 'निळ्या धुळीचा मुलूख'. लेखक गंगाधर शेंडे. अमृतनं ते सहज उघडलं आणि संपेपर्यंत मेसवर जेवायला गेला नाही.

त्यात एक दूरचा ग्रह होता. मोठमोठी शहरं बांधून राहणारे तिथले लोक एकेक करून संपत जातात, आणि उरतात ते फिरस्ते. जनावरं घेऊन दऱ्याखोऱ्यांतून हिंडणारे, शेवाळ संपलं की तळ उचलणारे. आजारी जनावर खांद्यावर घेऊन चालणारी एक बाई त्यात होती. ती अमृतला हुबेहूब आपल्या आईसारखी, हरणाबाईसारखी वाटली. आपली माणसं कुणीतरी उद्याच्या जगात नेऊन ठेवली आहेत, आणि तिथं ती लाजिरवाणी नाहीत, तिथं तीच शहाणी आहेत. त्यानंतर वडील काय करतात विचारलं की अमृत "मेंढरं राखतात" म्हणायला लागला.

पुस्तकाच्या शेवटी ती सगळी माणसं जनावरांसकट एका यानात बसून दुसऱ्या ग्रहाकडं निघतात. शेवटच्या पानावर छापलं होतं, 'दुसरा भाग लवकरच'. त्या 'लवकरच'ला आता वीस वर्षं उलटली होती.

क्षमाताई मोडक त्याला सांगलीतच भेटल्या. विश्रामबागला त्यांचं औषधांचं दुकान. एकदा सरांचं व्याख्यान होतं आणि सभागृह जवळजवळ रिकामं होतं. शेवटी सहीसाठी पुस्तक घेऊन दोघंच उभी राहिली, ही पन्नाशीची बाई आणि हा कामगार. नवरा दवाखान्यात असताना महिनाभर त्याच्या उशाशी बसून त्यांनी सरांची पुस्तकं वाचली होती. नवरा गेला, पुस्तकं राहिली. तेव्हापासून दोघं महिन्यातून एखाद्या रविवारी वाईला सरांकडं जायची. सर बायको गेल्यावर एकटेच राहायचे. चहा स्वतः करायचे आणि दुसऱ्या भागाचं विचारलं की म्हणायचे, "लिहितोय हो. घाई करू नका. प्रवास लांबचा आहे त्यांचा."

मग सर विसरायला लागले. आधी चहात साखर, मग दिवस, मग माणसं. त्यांच्या मुलीनं, ज्ञानदानं, पुण्याहून येऊन अंजना नावाची एक बाई दिवसभरासाठी ठेवली. सर क्षमाताईंना ओळखेनात, अमृतला तर नाहीच. काय बोलावं सुचेना म्हणून एका रविवारी क्षमाताईंनी कपाटातून 'निळ्या धुळीचा मुलूख' काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

सर सरसावून बसले. थोड्या वेळानं हात वर करून म्हणाले, "थांबा. कोण लिहितो हे?"

"शेंडे म्हणून आहेत, सर. वाईचेच."

"वाईचे? मग मला कसे माहीत नाहीत?" त्यांनी मान हलवली. "बरं लिहितो की माणूस. पुढं वाचा."

वर्षभर हेच चाललं. क्षमाताई एक प्रकरण वाचायच्या, अमृत एक वाचायचा. अमृत अडखळायचा, पण सर त्याला घाई करायचे नाहीत. मागचं त्यांना आठवत नसे, तरी त्या आजारी जनावरापाशी आले की दर वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. गेल्या पावसाळ्यात पुस्तक संपलं. अमृतनं शेवटचं वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढं?" सर म्हणाले.

"पुढचा भाग आला नाही, सर," क्षमाताई म्हणाल्या.

"का?"

सरांनी एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. "मग ती माणसं कुठं आहेत आता?"

"वाटेत आहेत, सर," अमृत म्हणाला.

"वाटेतच?" सरांचा चेहरा पडला. "अरेरे. इतकी माणसं. लहान मुलं आहेत हो त्यांच्यात." त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही. निघताना क्षमाताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करू, सर." सरांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

पुढच्या वेळी दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, मुलगी पुण्याला घेऊन गेली. अंजनाचं काम सुटलं, सरांचा फोन लागेना. ज्ञानदाचा नंबर मिळवता आला असता.

"पण काय म्हणून मागायचा?" बसमध्ये क्षमाताई म्हणाल्या होत्या. "आपण कोण त्यांचे?"

तेवढ्यावर ते राहिलं.

गुरुवारी पहिल्या गाडीनं दोघं साताऱ्याला आणि तिथून वाईला गेली. कऱ्हाडच्या पुढं क्षमाताई एकदा म्हणाल्या, "मी दुकानात होते रे. कुणाला तरी खोकल्याचं औषध देत होते. तेवढ्यात पेपर चाळला." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घाटावर पंधरा-वीस माणसं होती, सगळी नात्यातली. सरांचा पुतण्या धवल विधी करत होता. पुस्तकाचा विषय कुणाच्या तोंडी नव्हता. "मास्तर शिस्तीचे होते" एवढं एक म्हातारे गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते. अमृत आणि क्षमाताई वरच्या पायरीवर उभी राहिली. तिथून सरांचा फोटो दिसत होता, तरुणपणचा. त्या चेहऱ्याला ती दोघं ओळखतच नव्हती.

विधी चालू असताना ज्ञानदा वर आली. चेहरा ओढलेला, आवाज बसलेला. "आपण?"

"सांगलीहून आलोय," क्षमाताई म्हणाल्या. "आम्ही सरांचे वाचक."

ज्ञानदानं दोघांकडं निरखून पाहिलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही इथं येऊन बाबांना काही वाचून दाखवायचात का?"

"हो. त्यांचंच पुस्तक."

ती तिथंच पायरीवर बसली. "शेवटचे दोन महिने ते रोज विचारायचे. ते वाचणारे कधी येणार? ते वाचणारे आले का? मला वाटायचं बातम्या वाचणाऱ्यांबद्दल विचारतायत. मी टीव्ही लावून द्यायचे. ते चिडायचे, रिमोट फेकायचे." तिनं पदर तोंडाला लावला. "अंजना म्हणाली होती की सांगलीचं कुणी येतं म्हणून. पण माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही फोन का नाही केलात हो?"

अमृतला वाटलं, पाण्यात पडावं. तो पायऱ्या उतरून खाली गेला. धवलची हजामत करून न्हावी वस्तरा पुसत होता. अमृत त्याच्यासमोर जाऊन बसला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

"तुमी कोण त्यांचे?" न्हाव्यानं विचारलं.

"वाचक."

न्हाव्यानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "वडील आहेत का तुमचे?"

"आहेत."

"मग करू नका. तुम्हाला सुतक नाही काही. नमस्कार करा, तेवढं पुरे."

"मला करायचंय," अमृत म्हणाला. त्याचा आवाज इतका फुटला होता की गुरुजींनी पुढं वाद घातला नाही. न्हाव्यानं त्याच्या डोक्यावर पाणी मारलं.

क्षमाताई धावत खाली आल्या तोवर अर्धं डोकं झालं होतं. "अमृत, काय चालवलंयस हे? सरांना हे पटलं असतं का? जन्मभर त्यांनी काय लिहिलं? हे असलं सगळं सोडा म्हणूनच ना?"

"मग काय करू, ताई?" अमृतनं मान तशीच वाकवलेली ठेवली. "विज्ञानात माणूस गेल्यावर काय करतात, ते सरांनी कुठं लिहिलंय? तुमी सांगा, मी करतो. मला एवढंच येतं."

क्षमाताई नदीकडं तोंड करून रडल्या. तोवर त्या रडल्या नव्हत्या.

जेवायला थांबा असं ज्ञानदा म्हणाली, पण ती दोघं थांबली नाहीत. परतीच्या गाडीत दोघांना वेगवेगळी जागा मिळाली. सांगली स्टँडवर उतरल्यावर क्षमाताई म्हणाल्या, "मी तो ग्रुप बंद करतेय, अमृत. तिथं कुणी नाहीये. आणि आपणही आता भेटून काय बोलणार? तू दिसलास की मला तो टीव्हीच आठवेल." त्या रिक्षात बसल्या. अमृतनं त्यांना थांबवलं नाही, कारण त्यालाही त्या समोर दिसल्या की तेच आठवत होतं.

घरी दार उघडलं आणि सोनियाच्या हातातली परात पडली. "आवं, काय केलंसा ह्ये? कोण गेलं?"

"सर गेले. तुला सांगून गेलतो की."

"सर गेले ते कळलं. पर डोस्कं? मामंजी जित्ते हायत नव्हं आपले?" ती घाबरून दाराबाहेर बघायला लागली. "उद्या डबा घेऊन जायाचं हाय त्यांच्याकडं. टोपी घालून जावा. काढू नगा."

ह्या दिवसांत अमृतच्या आई-वडिलांचा तळ माधवनगरच्या पुढं एका रानात होता. ऊस तुटून गेलेल्या शेतात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. अमृत अधूनमधून भाकरी-कालवण पोचवायचा. सकाळी कामावर जायच्या आधी तो टोपी घालून तिकडं गेला. हरणाबाई पाणी आणायला गेली होती. त्याचा बाप बिराप्पा एका कोकराला औषध पाजत बसला होता. त्यानं वर पाहिलं. गेल्या काही वर्षांत त्याची नजर अधू झाली होती, पण कानामागची पांढरीफटक कातडी त्याला दिसली.

"टोपी काढ."

अमृत उभाच राहिला.

"काढ म्हंतो नव्हं."

अमृतनं टोपी काढली. बिराप्पानं कोकरू खाली सोडलं. बराच वेळ तो मुलाच्या डोक्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "मी जित्ता हाय रं अजून."

"आबा, ते सर हुते माजे. लेखक. पुस्तकं लिहायचे. त्यांनी आपल्या लोकांवर—"

"तुला जेवाय घातलं त्येनी?"

"न्हाई."

"शाळंत शिकिवलं?"

"न्हाई, आबा."

"मग कोण हुता?"

अमृतनं सांगायचा प्रयत्न केला. ग्रह म्हणाला, निळी धूळ म्हणाला, फिरस्ते म्हणाला. तोंडातून बाहेर पडताना ते शब्द त्याला स्वतःलाच पोकळ वाटायला लागले. बिराप्पा ऐकत नव्हताच. देवाचं नाव घेतल्यासारखे त्याचे ओठ हलत होते. त्यानं आपल्या डोक्याचा रुमाल सोडला, उठून अमृतच्या डोक्याला गच्च गुंडाळला आणि गाठ मारली.

"आय यायच्या आत जा," तो म्हणाला. "तिला दावू नगंस. आन् केस येस्तवर हिकडं फिरकू नगंस."

"आबा..."

"जा म्हनलं न्हवं." बिराप्पानं पाठ फिरवली आणि उघड्या डोक्यानं मेंढरांत शिरला.

कारखान्यात अमृत उशिरा पोचला. मशीनजवळ डोक्याला रुमाल चालत नसे, म्हणून दारातच त्याला तो सोडावा लागला. शेजारच्या लेथवरचा माणूस त्याच्याकडं बघून थबकला, मग त्याच्या पलीकडचा. सुपरवायझर मानसिंग पाटील लगबगीनं आला. खरखरीत आवाजाचा, पण मनानं चांगला माणूस.

"कोण गेलं रं, अमृत?"

अमृतनं तोंड उघडलं. सकाळपासून त्याला कोण हुता, कोण हुता एवढंच ऐकू येत होतं. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं त्याच्यात बळ नव्हतं.

"वडील?" मानसिंगनं हळू आवाजात विचारलं.

अमृतनं मान हलवली. ती होकारार्थी हलली.

"आरं गड्या!" मानसिंगनं त्याला छातीशी धरलं. कुणीतरी मशीन बंद केलं, मग दुसऱ्यानं. शेड शांत झाली. माणसं हात पुसत जवळ आली.

"लय वय झालं हुतं का?"

"ऐंशीच्या पुढं."

"आजारी हुते?"

"आठवत न्हवतं कायच. कुणाला ओळखत न्हवते."

"तू हुतास का जवळ?"

"न्हाई," अमृत म्हणाला, "रोज वाट बघत हुते माजी. मी गेलोच न्हाई." आणि तिथंच, व्हॉल्व्हच्या क्रेटवर बसून, तो मोठ्यानं रडायला लागला. माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कुणी पाणी आणलं. कुणी म्हणालं, रडू दे, मोकळा होऊ दे त्याला. सर गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या दुःखाला चार माणसं आली होती.

"तू घरी जा," मानसिंग म्हणाला. "सुट्टीचं मी बघतो. आन् रविवारी आमी सगळी येतो. आयेला भेटून जातो."

अमृतचं रडणं थांबलं. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. मेंढरांत उघड्या डोक्यानं शिरलेला बाप त्याच्या डोळ्यांसमोर आला. पण माणसं अजून पाठीवर हात ठेवून होती, आणि त्याला बोलता आलं नाही.

तो घरी गेला नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावर चहाच्या गाड्याजवळ शिफ्ट सुटेपर्यंत बसून राहिला. मानसिंग मोटरसायकल घेऊन बाहेर आला तेव्हा तो तिला आडवा गेला. "साहेब, माजे वडील हायत. गेले न्हाईत. मी खोटं बोललो."

मानसिंगनं पाय टेकले. त्याला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची सगळी माया उतरली. "जित्या बापाचं सुतक धरलंस? आन् आमाला रडवलंस?"

"दुसरे गेले, साहेब."

"कोण?"

"एक लेखक हुते. वाईला ऱ्हायचे. त्यांचं एक पुस्तक हाय, त्यात आपल्यासारकी साधी माणसं..."

मानसिंग मिनिटभर त्याच्याकडं बघत राहिला. हा प्यायलेला आहे की काय, असं तो बघत होता. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"डोस्कं ठिकाण्यावर आण, अमृत," तो शेवटी म्हणाला. "उद्या येळंत ये कामावर." आणि त्यानं गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी अमृत वेळेत कामावर गेला. कुणी त्याला काही विचारलं नाही. डब्याच्या वेळी त्याच्याजवळ कुणी बसलं नाही. मशीन चालू होतं, लोखंडाचा कीस गळत होता, आणि तो एकटा उभा राहून एकामागून एक व्हॉल्व्ह काढत राहिला.